अर्धवट ई-मेल आणि पूर्ण जबाबदारी

रायपूर शहराच्या मध्यवर्ती भागात, मालवीय रोडलगत असलेला गोल बाजार हा तेथील जुन्या बाजारपेठांपैकी एक होय. पूजासाहित्य, किराणा, मसाले आणि लग्नकार्यास लागणाऱ्या वस्तूंची दुकाने येथे दाटीवाटीने उभी आहेत. छत्तीसगडचा हा प्रदेश १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. रायपुरातील मराठी कुटुंबांची वस्तीही जुनी असून चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ तिची साक्ष देते. विदर्भाच्या सीमेलगतच्या या प्रदेशात व्यापाराचा पत्रव्यवहार कधी हिंदीत, कधी मराठीत, तर कधी इंग्रजीत होतो. पूर्वी तो पोस्टकार्डावर आणि तारेने होत असे. आता त्यातील बराचसा भाग ई-मेलने होतो.

समजा, या बाजारातील एका पूजासाहित्याच्या दुकानदाराकडे गोंदियाहून मागणी आली. एका संस्थेस पितळी समया हव्या आहेत. दुकानदार दरपत्रक लिहावयास बसतो. "२०० समया, प्रत्येकी ६५० रुपये, महिनाअखेर पोच" एवढा मजकूर लिहून होतो. यापुढे त्यास चार गोष्टी लिहावयाच्या आहेत : वस्तू व सेवा कर वेगळा पडेल, बांधणी आणि वाहतुकीचा खर्च ग्राहकाकडे राहील, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागेल आणि हे दर आठ दिवसांपुरतेच लागू असतील. परंतु तेवढ्यात गिऱ्हाईक येते, बोट भलत्याच कळीवर पडते आणि पत्र निघून जाते. अर्ध्या तासात गोंदियाहून उत्तर येते : "दर मान्य. माल पाठवावा."

हा प्रसंग काल्पनिक असला तरी त्यातील अडचण खरी आहे. अर्धवट ई-मेल म्हणजे किरकोळ ओशाळवाणी चूक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अभिवादन राहिले, सही राहिली, वाक्य तुटले, एवढ्यापुरतेच तिचे स्वरूप असते तेव्हा ही समजूत बरोबरही असते. व्यवहाराच्या पत्रात मात्र वस्तू, दर आणि मुदत आरंभी येतात, तर अटी शेवटी येतात. त्यामुळे मध्येच सुटलेले पत्र हे अर्धे वचन राहत नाही. ते पुष्कळदा अटींवाचून दिलेले पूर्ण वचन ठरू शकते. म्हणूनच ही चूक कशी घडते, घडल्यावर काय होते आणि ती कशी टाळता येते, हे समजून घेणे उपयुक्त आहे.

चूक कशी घडते?

ई-मेल लिहिण्याच्या चौकटीत मजकूर लिहिण्याची जागा आणि तो पाठविण्याचे बटण ही एकमेकांशेजारीच असतात. कागदी पत्राच्या बाबतीत लिहिणे, घडी घालणे, पाकिटात घालणे, पत्ता लिहिणे, तिकीट लावणे आणि पेटीत टाकणे अशा अनेक पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर थांबण्यास वाव होता. ई-मेलमध्ये या साऱ्या पायऱ्या एका टिचकीत सामावल्या आहेत.

कळफलकावरील काही जोडकळा या चुकीस विशेष कारणीभूत ठरतात. संगणकावरील जीमेलमध्ये कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या की पत्र तत्काळ पाठविले जाते. आउटलुकमध्येही या जोडकळेने पत्र पाठविता येते. दुसरा सापळा टॅब या कळीचा आहे. दरांचा तक्ता करताना दोन रकान्यांत अंतर सोडण्यासाठी टॅब दाबण्याची सवय अनेकांना असते. जीमेलमध्ये मजकूर लिहिताना टॅब दाबल्यास अंतर सुटत नाही, तर निवड थेट 'सेंड' या बटणावर जाते. त्यानंतर नव्या ओळीसाठी एंटर दाबले की पत्र रवाना होते. म्हणजे ज्यांना टंकलेखनाची शिस्त आहे, तेच या चुकीत अधिक सहज सापडू शकतात.

तिसरे कारण सवयींच्या सरमिसळीचे आहे. संगणकावर व्हॉट्सॲप वापरताना एंटर दाबले की संदेश जातो, तर ई-मेलमध्ये त्याच कळीने नवी ओळ सुरू होते. दिवसभर दोन्हीकडे लिहिणाऱ्याच्या बोटांना हा फरक प्रत्येक वेळी लक्षात राहतोच असे नाही. मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक व्यवधान सांभाळावे लागते. दर आणि वस्तूंची नावे लिहिताना देवनागरी आणि रोमन कळफलक आलटून पालटून घ्यावे लागतात, आणि त्यासाठीही जोडकळाच वापराव्या लागतात. मोबाइलवर तर पाठविण्याचे चिन्ह आणि फाईल जोडण्याचे चिन्ह पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी असतात. अंगठा जरासा सरकला, तरी जोडावयाच्या फाईलऐवजी पत्रच निघून जाते.

या सर्व कारणांत एक गोष्ट समान आहे. बोट चुकले तेव्हा पत्त्याची जागा आधीच भरलेली होती. ती रिकामी असती, तर यापैकी एकाही चुकीने पत्र बाहेर पडले नसते.

पाठविलेले पत्र परत का येत नाही?

रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने १९७१ मध्ये एका संगणकावरून जाळ्यातील दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविले. आजच्या ई-मेलचा आरंभ तेथे मानला जातो. पत्रांची देवघेव ज्या नियमावलीने होते, ती एसएमटीपी या नावाने ओळखली जाते आणि तिचे प्रमाण रूप १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतर तिच्यात सुधारणा झाल्या, पण मूळ रीत बदललेली नाही.

ही रीत टपालाच्या थैलीसारखी आहे. पाठविणाऱ्याचा संगणक पत्र आपल्या सेवेच्या सर्व्हरकडे देतो. तो सर्व्हर पत्त्यातील उत्तरार्ध पाहून प्राप्तकर्त्याचा सर्व्हर शोधतो आणि पत्र त्याच्या स्वाधीन करतो. पलीकडचा सर्व्हर पत्र स्वीकारताना २५० हा संकेतांक पाठवितो. 'पत्र मिळाले, यापुढील जबाबदारी माझी' असा त्याचा अर्थ होतो. ही पोच मिळाल्यानंतर पाठविणाऱ्याच्या सेवेचा त्या प्रतीवर कोणताही अधिकार उरत नाही. बहुतेक वेळा हे सारे काही सेकंदांतच पूर्ण होते.

व्हॉट्सॲपवर पाठविलेला संदेश सर्वांसाठी पुसता येतो, मग ई-मेल का नाही, असा प्रश्न साहजिक आहे. व्हॉट्सॲपने ही सोय २०१७ मध्ये दिली. तेथे पाठविणारा आणि घेणारा हे दोघेही एकाच कंपनीच्या व्यवस्थेत असतात. त्यामुळे 'हा संदेश काढून टाका' ही सूचना दोन्ही टोकांना पाळली जाते. ई-मेलमध्ये रायपूरचा दुकानदार एका सेवेचा ग्राहक असतो आणि गोंदियाची संस्था दुसऱ्या सेवेची. एका सेवेने दुसरीच्या कपाटातील पत्र काढून घ्यावे, अशी तरतूद मूळ नियमावलीत नाही.

आउटलुकमध्ये 'रिकॉल' नावाची सोय आहे, परंतु ती साधारणपणे एकाच संस्थेच्या अंतर्गत व्यवस्थेपुरती चालते. बाहेरच्या पत्त्यावर गेलेल्या पत्राला तिचा उपयोग होत नाही. उलट, पत्र मागे घेण्याचा प्रयत्न झाल्याची सूचना पोचून समोरच्याचे लक्ष त्या पत्राकडे अधिकच वेधले जाण्याचा संभव असतो.

जीमेलमधील 'अनडू सेंड' ही सोय मात्र वेगळी आहे. जीमेलची सेवा २००४ मध्ये सुरू झाली. ही सोय २००९ मध्ये प्रयोग म्हणून देण्यात आली आणि २०१५ मध्ये ती नियमित झाली. नावावरून ती गेलेले पत्र परत आणते असे वाटते, पण वस्तुतः ती पत्र काही सेकंद रोखून धरते. त्या अवधीत 'अनडू' म्हटले तर पत्र मसुदा म्हणून पुन्हा समोर येते. तो अवधी संपला की पत्र गेले. हा अवधी ५, १०, २० किंवा ३० सेकंद ठेवता येतो आणि वापरकर्त्याने तो बदलला नसेल, तर ५ सेकंदच असतो. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता पाच सेकंद केव्हाच निघून जातात. ॲपलने आयफोनवरील आपल्या मेल सेवेत अशीच सोय २०२२ मध्ये आणली.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार प्रस्ताव समोरच्याला कळला की त्याची पाठवणी पूर्ण होते. स्वीकृती देणाऱ्याने ती रवाना केली आणि ती त्याच्या हाताबाहेर गेली, की प्रस्ताव देणारा तिने बांधला जातो. कायदा झाला तेव्हा टपाल आणि तार एवढीच साधने होती. नवी साधने आली तेव्हा हा नियम त्यांना कसा लावावा, हा प्रश्न उभा राहिला.

त्यासंबंधीचा एक महत्त्वाचा खटला महाराष्ट्रातील आहे. बुलढाणा जिल्ह्यातील खामगावची पेढी आणि अहमदाबादची पेढी यांच्यात जुलै १९५९ मध्ये दूरध्वनीवरून सरकीच्या पेंडीचा सौदा झाला. माल न मिळाल्याने वाद न्यायालयात गेला आणि सौदा खामगावात झाला की अहमदाबादेत, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९६५ मध्ये न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला, की दूरध्वनीवरील करार जेथे स्वीकृती ऐकू आली तेथे, म्हणजे अहमदाबादेत झाला. न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला यांनी भिन्न मत नोंदविले. १८७२ च्या कायद्याचे शब्द पाहता, स्वीकृतीचे शब्द जेथून उच्चारले गेले आणि बोलणाऱ्याच्या सत्तेबाहेर गेले ते ठिकाण, म्हणजे खामगाव, महत्त्वाचे असा त्यांच्या मताचा आशय होता. रायपुरात शालेय शिक्षण घेतलेले हिदायतुल्ला पुढे देशाचे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्रपती झाले. रायपूर येथे २००३ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय विधी विद्यापीठ त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

ई-मेलसंबंधीची तरतूद माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये आहे. हा कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी, म्हणजे छत्तीसगड राज्य अस्तित्वात येण्यापूर्वी पंधरवडाभर आधी लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमानुसार, दोन्ही पक्षांत वेगळे काही ठरले नसेल तर, पाठविणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील संगणक व्यवस्थेत मजकूर शिरला की तो रवाना झाला असे मानले जाते. प्राप्तकर्त्याने त्यासाठी विशिष्ट पत्ता कळविला असेल, तर त्या पत्त्याच्या व्यवस्थेत मजकूर शिरताच तो मिळाला असे धरले जाते. २००८ च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक कलम आले. करार केवळ इलेक्ट्रॉनिक साधनांनी झाला, एवढ्याच कारणाने तो अग्राह्य ठरत नाही, असे ते सांगते.

व्यवहारात याचा अर्थ काय होतो, हे २०१० मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयावरून स्पष्ट होते. ट्रायमेक्स इंटरनॅशनल आणि वेदान्त ॲल्युमिनियम या कंपन्यांमध्ये बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा ई-मेलने ठरला होता. औपचारिक करारपत्रावर सह्या झालेल्या नव्हत्या. तरीही ई-मेलमधील प्रस्ताव आणि स्वीकृती यांवरून करार पूर्ण झाला आहे, असे न्यायालयाने मानले.

प्रत्येक अर्धवट पत्राने करार होतोच, असे मात्र नाही. केवळ दर कळविणे म्हणजे नेहमीच प्रस्ताव ठरत नाही. पत्रातील शब्द, आधीचा पत्रव्यवहार आणि दोन्ही पक्षांचा हेतू या गोष्टी पाहिल्या जातात. परंतु "महिनाअखेर पोच" असे स्पष्ट लिहिलेले पत्र हा नुसता दर नव्हे, असा दावा समोरचा पक्ष करू शकतो. शिवाय करार कायद्याच्या बाविसाव्या कलमानुसार, एका पक्षाची वस्तुस्थितीविषयी चूक झाली होती, एवढ्यावरून करार रद्द करता येत नाही. तेव्हा "माझे पत्र चुकून गेले" हे वाक्य खरे असले, तरी ते पुरेसे पडेल याची शाश्वती नाही.

दक्षता कोणती घ्यावी?

पहिला आणि सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे पत्ता शेवटी लिहिणे. मजकूर पूर्ण होऊन, फाईल जोडून आणि एकदा वाचून झाल्यावरच प्राप्तकर्त्याची जागा भरावी. पत्ता नसेल तर कोणतीही कळ दाबली तरी पत्र जाऊ शकत नाही. आलेल्या पत्राला उत्तर देताना पत्ता आपोआप भरला जातो, म्हणून तो प्रथम काढून टाकावा आणि शेवटी पुन्हा घालावा. ज्यांना पत्ता हरवण्याची भीती वाटते, त्यांनी तो मजकुराच्या पहिल्या ओळीत तात्पुरता ठेवावा.

दुसरा उपाय असा, की दर, मुदत, रक्कम किंवा वचन असलेले पत्र ई-मेलच्या चौकटीत लिहूच नये. ते वर्ड, नोटपॅड किंवा मोबाइलमधील टिपणांच्या जागी लिहावे आणि पूर्ण झाल्यावर उचलून आणावे. तक्ता असेल तर तो वेगळ्या फाईलमध्ये करून जोडावा. त्यामुळे टॅब कळीचा धोकाही टळतो.

तिसरा उपाय रोखून ठेवण्याचा आहे. संगणकावर जीमेल उघडून सेटिंग्जमधील 'जनरल' या विभागात 'अनडू सेंड'चा अवधी ३० सेकंद करून घ्यावा. आयफोनवरील मेलमध्येही तो ३० सेकंदांपर्यंत वाढविता येतो. संगणकावरील जुन्या धर्तीच्या आउटलुकमध्ये बाहेर जाणारे प्रत्येक पत्र १२० मिनिटांपर्यंत रोखण्याचा नियम करता येतो. कार्यालयांना पाच मिनिटांचा विलंबही पुष्कळ होतो. आउटलुकच्या पर्यायांत कंट्रोल-एंटर ही जोडकळ बंद करण्याचीही सोय आहे. अँड्रॉइडवरील जीमेलमध्ये पाठविण्यापूर्वी खात्री विचारण्याचा पर्याय असून तो सुरू करावा.

चौथा उपाय लेखनाच्या क्रमाचा आहे. अटी शेवटी लिहिण्याची रीत बदलावी. "खालील दर कर, बांधणी व वाहतूक वगळून असून आठ दिवसांपुरते आहेत" हे वाक्य पहिल्या परिच्छेदातच यावे. मसुदा चालू असताना विषयाच्या जागी "मसुदा – अपूर्ण" असे लिहून ठेवावे आणि शेवटी ते बदलावे. पत्र चुकून गेलेच, तर ते अपूर्ण असल्याचे त्याच्यावरच लिहिलेले असेल.

चुकून गेलेच तर?

'अनडू'चा अवधी शिल्लक असेल तर तो आधी वापरावा. तो संपला असेल तर संकोच न करता लगेच दुसरे पत्र पाठवावे. करार कायद्याच्या पाचव्या कलमानुसार, स्वीकृती रवाना होऊन प्रस्ताव देणारा तिने बांधला जाण्यापूर्वी प्रस्ताव मागे घेता येतो. म्हणजे येथे खरी स्पर्धा समोरच्याच्या "मान्य" या शब्दाशी असते.

हे दुसरे पत्र लांबलचक क्षमायाचनेचे नसावे. "आज ११ वाजून ४० मिनिटांनी पाठविलेले पत्र अपूर्ण असून चुकून गेले आहे. त्यातील दर व मुदत मागे घेत आहोत. पूर्ण दरपत्रक स्वतंत्रपणे पाठवू. ते मिळेपर्यंत कृपया त्यावर कार्यवाही करू नये." एवढा मजकूर पुरेसा आहे. पत्र पाठविताच दूरध्वनी करावा, कारण प्रस्ताव मागे घेतल्याचे समोरच्याला कळणे महत्त्वाचे असते. पहिले पत्र आपल्या नोंदीतून पुसू नये, कारण पुढे वाद झाल्यास त्यावरील वेळ उपयोगी पडते. पूर्ण पत्र मात्र घाईने न पाठविता दोनदा वाचूनच पाठवावे. रक्कम मोठी असेल आणि समोरून स्वीकृती आधीच आली असेल, तर उत्तर देण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे इष्ट.

आपल्या कल्पनेतील दुकानदाराला ही शिस्त परकी वाटण्याचे कारण नाही. गोंदियास माल पाठविताना तो समया मोजतो, कागदात गुंडाळतो, खोक्यात भरतो आणि वरून सुतळी आवळतो. खोक्यावर पत्ता लिहिण्याचे काम त्यानंतरचे. रिकाम्या किंवा अर्ध्या भरलेल्या खोक्यावर तो पत्ता लिहीत नाही, कारण पत्ता पडलेले खोके हमाल उचलून नेतो, हे त्यास ठाऊक असते. ई-मेलच्या बाबतीतही तोच क्रम पाळावयाचा आहे.